‘मिटवून टाका’ या सल्ल्याविरुद्ध

एखाद्या घरात काही विपरीत घडलं की पोलिसांच्या आधी सल्ला पोहोचतो. सल्ला देणारा बहुतेक वेळा वाईट माणूस नसतो. तो थोरला काका असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, शाळेच्या मुख्याध्यापिका असतात, गावातले चार पावसाळे जास्त पाहिलेले आबा असतात. शब्द थोडेफार बदलतात, मतलब एकच असतो. झालं ते झालं. पोलिसांत गेलात तर हेलपाटे तुमच्याच नशिबी येतील. उद्या पेपरात नाव येईल. मुलीचं लग्न व्हायचंय. समोरची माणसं बरी नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मिटवून टाका.

हा सल्ला व्यवहारी समजला जातो आणि त्याच्या विरोधात बोलणारा भाबडा ठरतो. मला हे अजिबात मान्य नाही. ज्याला हा सल्ला मिळतो त्याचं त्यात नुकसान आहे, ज्याच्यावर पुढची पाळी येणार आहे त्याचं त्याहून जास्त आहे, आणि ज्या पोलीस ठाण्याची भीती घालून तो दिला जातो ते ठाणं आहे तसंच राहण्याची व्यवस्थाही तोच सल्ला करतो.

पण या सल्ल्याच्या बाजूने जे सगळ्यात जड आहे ते आधी मांडायला हवं. पोलीस ठाण्याची भीती लोकांनी कल्पनेतून काढलेली नाही. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात, भावाच्या तक्रारीच्या चौकशीसाठी आणलेल्या मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिलं. खैरलांजीची गोष्ट त्याहूनही अंगावर येणारी आहे. भंडारा जिल्ह्यातल्या या गावात सुरेखा भोतमांगे आणि त्यांच्या मुलीने एका मारहाण प्रकरणात पोलिसांना जबाब दिला, मारणाऱ्यांची नावं सांगितली. संशयितांना अटक झाली, जामीन मिळाला आणि २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या झोपडीवर चालून आला. आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

‘मिटवून टाका’ म्हणणारा माणूस खैरलांजीकडे बोट दाखवून म्हणू शकतो की बघा, पोलिसांत नाव सांगितलं त्याचं काय झालं. या प्रश्नाला मान खाली घालूनच उत्तर द्यावं लागतं. तरीही उत्तर आहे. त्या गावात मारहाण पाहिलेलं भोतमांगे हे एकच घर नसावं. जबाब देणारं घर मात्र तेवढंच पुढे आलं. २९ सप्टेंबरला जे झालं तेही गावाच्या डोळ्यांदेखत झालं आणि गाव गप्प बसलं. मारेकऱ्यांना नेमकं कुणाकडे जायचं हे ठाऊक होतं, कारण बोलणारं घर एकच होतं. दहा घरांनी जबाब दिला असता तर जमावाने कितव्या घरापासून सुरुवात केली असती? तक्रार करणं धोक्याचं होतं ते तक्रारदार एकटा पडतो म्हणून, आणि त्याला एकटं पाडण्याचं काम हाच सल्ला करत असतो. प्रत्येक उंबऱ्यावर वेगवेगळ्या तोंडांनी, आपुलकीने दिलेला हा सल्ला शेवटी न ऐकणाऱ्या एका घराला उघड्यावर आणून सोडतो.

मथुराच्या निकालानंतर काय झालं तेही पाहावं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी आणि कडक तरतूद झाली. ठाणं वाईट आहे म्हणून ठाण्याकडे पाठ फिरवा, असं त्या चौघांनी सांगितलं नाही. आज स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो, लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. पोलिसांच्या सौजन्यामुळे हे मिळालेलं नाही. बोलणाऱ्यांनी प्रत्येक वेळी किंमत मोजून ते मिळवलं.

मुलांच्या बाबतीत तर ‘मिटवून टाका’ म्हणणारा सरळ गुन्हेगार ठरतो, हे अजूनही पुष्कळ शिकलेल्या लोकांना माहीत नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. आई-बापाची परवानगी, शाळेची अब्रू, संस्थेची चौकशी समिती यांपैकी कशाचीही वाट पाहायची नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण या बाबतीत प्रत्येक डॉक्टरने आणि शिक्षकाने वाचायला हवं. वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरला ते कळूनही त्याने पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा खटला रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वेळेवर खबर दिली गेली नाही तर या कायद्याचा हेतूच मारला जातो, असं बजावलं.

दोन वर्षांच्या आत बदलापूर घडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. शाळेने पोलिसांना कळवलं नाही. पालक ठाण्यात गेले तर तिथे त्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा वेगाने हलली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेवर न कळवल्याबद्दल कारवाई का झाली नाही, हा प्रश्न विचारला. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि अनेकांना वाटलं की न्याय झाला. मला तसं वाटत नाही. एका मुख्याध्यापिकेने पहिल्या दिवशी फोन उचलला असता आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्याने पहिल्या तासात फिर्याद लिहून घेतली असती, तर जे साधलं असतं ते रुळांवरच्या दगडांनी किंवा बंदुकीच्या गोळीने भरून निघत नाही.

आता ‘थोडं थांबून बघा’ या सौम्य आवृत्तीकडे येतो. घाई करू नका, आठवडाभर विचार करा, समोरच्याला एक संधी द्या. ऐकायला हे शांत डोक्याचं वाटतं, पण फौजदारी खटल्यात सगळ्यात महाग वस्तू वेळ असते. रक्ताचा डाग धुतला जातो. दुकानातल्या सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढतं. अंगावरचा वळ चार दिवसांत जातो. आणि खबर उशिरा दिली की बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो त्याच उशिराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच एका निकालात म्हटलं होतं की उशिरा दिलेल्या फिर्यादीत मागाहून सुचलेलं आणि रंगवलेलं मिसळण्याचा धोका असतो. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत उशीर समजून घेतला पाहिजे, असंही याच न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आहे. म्हणून ज्या बाईने महिनाभर तोंड उघडलं नाही तिने आता उशीर झाला म्हणून परत फिरू नये. मात्र ज्याच्या हातात आज जाणं आहे त्याला उद्यावर ढकलण्याचा सल्ला देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

ऑनलाइन फसवणुकीत तर हिशेब मिनिटांचा असतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून रिटायर झालेले आजोबा, परदेशात मुलं असलेल्या आजी यांना व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये ठेवतात आणि आयुष्याची पुंजी काढून घेतात. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेल्यावर ही माणसं घरच्यांना सांगत नाहीत, कारण इतकं शिकून आपण फसलो याची लाज वाटते. कुणाला सांगितलंच तर सल्ला मिळतो की गेले ते गेले, आता बोभाटा नको. पैसे मात्र अजून गेलेले नसतात, ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्यात प्रवास करत असतात. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली, तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. रात्र मध्ये गेली की ती शक्यता झपाट्याने संपते. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर बँकेला कळवण्यातही वेळच मोजला जातो. तिऱ्हाइताच्या लबाडीने गेलेली रक्कम तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवली तर ग्राहकावर बोजा येऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. बोभाटा नको म्हणणारा नातेवाईक इथे चोराला हवे असलेले तासच मिळवून देतो.

पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी ‘मिटवून टाका’ वेगळ्या रूपात भेटतो. तिथे त्याचं नाव असतं ‘अर्ज देऊन जा’. किंवा ‘एनसी घेतो’, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद. किंवा ‘हद्द आमची नाही’. लोकलच्या गर्दीत खिशातून मोबाईल गेला तर ‘चोरी कशाला म्हणता, गहाळ म्हणा, लगेच दाखला देतो, तुमचं सिमचं काम होऊन जाईल’ असं सांगितलं जातं आणि घाईत असलेला माणूस खूश होऊन गहाळ लिहून देतो. त्या क्षणी त्याच्या बाबतीत चोरी झालीच नाही असं कागदोपत्री ठरतं. गहाळ वस्तूचा तपास होत नाही, आरोपी नसतो, खटला नसतो. त्या स्टेशनावर रोज किती खिसे कापले जातात हे त्या ठाण्याच्या नोंदवहीत कधीच दिसत नाही. ज्याला हा मामला किरकोळ वाटतो त्याला मी एवढंच सांगेन की खिसेकापू टोळ्यांना ही नोंदवही चांगली कळते.

कायदा इथे संदिग्ध नाही. उत्तर प्रदेशातल्या एका बेपत्ता मुलीच्या बापाची तक्रार पोलिसांनी घेतली नाही म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ललिता कुमारी खटला म्हणून तो ओळखला जातो. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे. खबर खरी की खोटी हे आधी तपासत बसायचं नाही. कौटुंबिक वाद, व्यापारी देवघेव, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार, फार उशिरा आलेली खबर अशा मोजक्या बाबतींत मर्यादित प्राथमिक चौकशीला जागा ठेवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची चौकशी आणली. ही सवलत मला धोक्याची वाटते, कारण टाळाटाळीला तिने तारीख दिली आहे. पण त्याच संहितेचं कलम १७३ गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, हेही स्पष्ट लिहितं. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. ऑगस्ट २०१३ मध्ये आसारामच्या जोधपूरजवळच्या आश्रमात एका मुलीवर झालेल्या अत्याचाराची फिर्याद दिल्लीच्या ठाण्यात याच मार्गाने नोंदली गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये आसारामला जन्मठेप झाली. त्या दिवशी दिल्लीतल्या अधिकाऱ्याने हद्दीचं कारण सांगून त्या मुलीच्या आई-बापांना जोधपूरला पाठवलं असतं तर वाटेत त्यांना किती जणांनी मिटवून टाकायला सांगितलं असतं, याचा विचार करावा.

कसं जायचं याबद्दल लोकांना वाटतं तितकं अवघड काही नाही. चालू प्रसंगात, म्हणजे मारहाण सुरू आहे, कुणी दार फोडतंय, कुणी मागे लागलंय, तेव्हा ११२ वर फोन करायचा. नंतर ठाण्यात जायचं ते एकट्याने नाही. बरोबर एक-दोन माणसं हवीत. ज्यांनी काही पाहिलंय ती असली तर उत्तम. वकील लागत नाही. कोणतं कलम लागेल हे आपण सांगायचं नसतं, ते पोलिसांचं काम. आरोपीचं नाव माहीत नसलं तरी अनोळखी इसमाविरुद्ध गुन्हा नोंदता येतो. काय झालं, कुठे, किती वाजता, कोण काय बोललं, कुणी पाहिलं, एवढंच आपल्या शब्दांत सांगायचं. राग असला तरी न पाहिलेलं त्यात घालायचं नाही. शेजाऱ्याशी जुना बांधाचा वाद आहे म्हणून त्याच्या भावाचंही नाव घुसडलं की खरी फिर्याद तिथेच अर्धी मरते. लिहून झालं की वाचून दाखवायला सांगायचं, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायची, मग सही. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ती मागून घ्यायची. खबर ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गुन्हा अदखलपात्र असेल, म्हणजे साधी शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की, तर एनसी होते आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. तेव्हा एनसीचा कागद हातात घेऊन ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणत घरी जायचं नाही. गावात पोलीस पाटील असतो, त्याला सांगणं चांगलंच, पण त्याला सांगितलं म्हणजे ठाण्यात नोंद झाली असं समजू नये.

नोंद करायला नकार मिळाला तर? इथेच बहुतेक जण घरी परततात आणि तोच अनुभव पुढे दहा जणांना सांगून त्यांनाही घरी बसवतात. खरं तर पुढची पायरी कायद्यात लिहिलेली आहे. तक्रार लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, शहरात असाल तर पोलीस उपायुक्तांकडे, पोच जपून ठेवायची. तरी हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. दंडाधिकारी तपासाचा आदेश देऊ शकतात. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातही कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कैदेची तरतूद आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाज टिपणारे सीसीटीव्ही बसवायला आणि त्यांचं चित्रण जपून ठेवायला सांगितलं. तुम्ही किती वाजता आलात आणि किती वाजता तुम्हाला परत पाठवलं, हे त्या कॅमेऱ्यात असायला हवं. याची आठवण ठाणे अंमलदाराला शांतपणे करून देण्यात उद्धटपणा नाही.

यावर हमखास येणारी हरकत खोट्या तक्रारींची. असं प्रत्येकाचं नोंदवून घेतलं तर सुडाने भरलेली माणसं कुणालाही अडकवतील. ही हरकत नोंदणी आणि शिक्षा यांच्यातलं अंतर पुसून टाकते. एफआयआर म्हणजे तपासाची सुरुवात. नोंद झाली की लगेच अटक होते असंही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणं लिहून ठेवावी लागतात, अनेकदा नोटीस देऊन बोलावणं पुरतं. महाराष्ट्रात तपासाअंती पोलीस अ, ब किंवा क समरी पाठवू शकतात. गुन्हा खरा पण छडा लागला नाही तर अ, तक्रार जाणूनबुजून खोटी असेल तर ब, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर क. आणि ती समरी स्वीकारण्याआधी दंडाधिकाऱ्यांना फिर्यादीचंही ऐकावं लागतं. जाणूनबुजून खोटी खबर देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे खोट्याला चाळणी लावण्याची सोय व्यवस्थेत आहे, पण ती नोंदणीनंतर आहे. दारातच चाळणी लावली की खोटं थांबेल याची खात्री नाही. खरं बोलणारी आणि ज्यांच्या मागे कुणी नाही अशी माणसं मात्र नक्की अडतात. पैसेवाल्याची खोटी तक्रार कोणत्याही काळात नोंदली जातच होती.

महाराष्ट्राने या वादाची एक फेरी पाहिलेली आहे. कऱ्हाडच्या सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा २० मार्च २०१८ चा निकाल आला. ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो म्हणून गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी व्हावी, असं त्यात म्हटलं होतं. देशभर दलित समाज रस्त्यावर आला, संसदेने त्याच वर्षी कलम १८अ आणून अशी आधीची चौकशी लागणार नाही असं ठरवलं आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने स्वतःचेच ते निर्देश मागे घेतले. ज्याचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कुणी धरला नाही, त्याच्या शब्दावरच आधी शंका घ्यायची, हा यातला अन्याय अखेर मान्य झाला.

सगळंच पोलिसांत न्यावं असं मी म्हणत नाही. उसने दिलेले पैसे, भाडेकरूशी वाद, बांधावरून कुरबूर, दोन भावांतली वाटणी यांना दिवाणी मार्ग आहेत, समजुतीचे मार्ग आहेत. २००७ पासूनच्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने असे अनेक तंटे गावातच मिटवले आणि ते चांगलं झालं. पण कायदा ज्या गुन्ह्यांत तडजोडीला परवानगी देत नाही ते गावच्या पंचांपुढे नेऊन मुलीच्या बापाच्या हातात नोटा ठेवायच्या आणि गाव तंटामुक्त म्हणून फलक लावायचा, याला मिटवणं म्हणता येत नाही. तो गुन्हा लपवणं आहे. त्यात बसणाऱ्या पंचांनी आपण समाजसेवा करतो आहोत, या समजुतीत राहू नये.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या सज्ञान बाईची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे माझ्या बाजूच्या काही लोकांशीही माझा मतभेद आहे. ती कधी जाईल, कुणाविरुद्ध जाईल, आधी माहेरी जाईल की संरक्षण अधिकाऱ्याकडे की पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, हे तिने ठरवायचं. तिला राहायला जागा नाही, हातात पैसा नाही, मुलं शाळेत आहेत, हे सगळं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या वतीने परस्पर ठाण्यात धावणं कधी कधी तिच्या जिवावर बेतू शकतं. आपण करायचं ते तिच्या बाजूला उभं राहण्याचं, आपण जे ऐकलं-पाहिलं त्याची तारीखवार नोंद ठेवण्याचं, आणि भिंतीपलीकडून किंकाळी आली त्या रात्री ११२ वर फोन करण्याचं. ‘त्यांच्या घरातलं आहे’ हे वाक्य त्या रात्री चालणार नाही.

वेळ जातो, वर्षं जातात, हे खरं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला आणि निकाल १० मे २०२४ ला लागला. पण त्या निकालात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी साक्ष दिल्यामुळे. त्यातला एक महापालिकेचा सफाई कर्मचारी होता. एवढ्या वर्षांनी, एवढ्या दबावाच्या खटल्यात, त्याने न्यायालयात उभं राहून आरोपींना ओळखलं. मोठ्या पगाराच्या, मोठ्या फ्लॅटच्या माणसांनी मला सांगू नये की साक्ष देणं परवडत नाही. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशभरासाठी योजना लागू केली. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ही संरक्षणं कागदावर अपुरी आणि व्यवहारात त्याहून अपुरी आहेत. ती मागणारेच नसले तर ती सुधारतील कशी?

आणि शेवटचा आक्षेप पोलिसांच्याच बाजूचा, जो उघडपणे फारसा बोलला जात नाही. गुन्हे नोंदवले की आकडा वाढतो. आकडा वाढला की विरोधक विधानसभेत कायदा-सुव्यवस्था ढासळली म्हणून गदारोळ करतात, वर्तमानपत्रं जिल्हा पहिल्या क्रमांकावर आल्याचं छापतात, आणि वरून विचारणा होते ती पोलीस निरीक्षकाला. म्हणून तो अर्ज घेतो आणि गुन्हा टाळतो. यात त्याच्याइतकेच आपणही भागीदार आहोत. नोंदणी वाढलेली पाहून आपण त्या ठाण्याला शिव्या देतो. नोंदणी कमी असलेल्या ठाण्याबद्दल मात्र तिथे तक्रारी अडवल्या जातात का, हे कुणी विचारत नाही. गृहखात्याने खरोखर सुधारणा करायची ठरवली तर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. प्रत्येक ठाण्याने दर महिन्याला तीन आकडे दारावर आणि संकेतस्थळावर लावावेत: किती लेखी अर्ज आले, त्यांपैकी किती एफआयआर झाले आणि किती एनसी करून परत पाठवले. उरलेल्या अर्जांचं काय झालं हे मग अर्ज देणारे लोकच येऊन विचारतील, आणि ते एकटे येणार नाहीत.